जागतिक अध्ययन : जोडीचा विषय, व्यापक दृष्टी

१९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. त्याच्या जोडीला त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास केला. ‘भारतातील जाती’ हा त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. जोडीच्या विषयातून काय घडू शकते, याचा हा आपल्या परंपरेतील सर्वांत मोठा दाखला होय.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला मुख्य विषयासोबत एक गौण विषय घेता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या किमान १२० श्रेयांकांपैकी २४ श्रेयांक गौण विषयासाठी आहेत. देशविदेशातील अनेक विद्यापीठांत ‘जागतिक अध्ययन’ हा विषय या स्वरूपात निवडता येतो. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचा भर राष्ट्रांच्या परस्पर व्यवहारांवर असतो. जागतिक अध्ययन त्यापलीकडे जाऊन माणसे, माल, भांडवल, विचार, रोगराई आणि हवामानबदल सीमा कशा ओलांडतात, याचा शोध घेते. विदर्भातील कापसाचा भाव परदेशातील पिकाशी व मागणीशी का बांधलेला असतो, हा त्यातलाच एक प्रश्न.

या अभ्यासात आपला समाज केवळ वाचक म्हणून येत नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या निग्रोंच्या अर्जाच्या प्रती मागविल्या; अस्पृश्यांच्या वतीने तसाच अर्ज करण्याचा विचार त्यामागे होता. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेतली. २००१ च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातिभेदाचा प्रश्न मांडला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. हा वाद आजही अभ्यासाचा विषय आहे. त्यात आपली बाजू पुराव्यानिशी मांडणारे विद्यार्थी नसतील, तर आपल्याविषयी इतरच बोलत राहतील.

मात्र पालकांनी एक व्यवहार ध्यानी ठेवावा. केवळ या विषयाच्या बळावर नोकरी मिळेल, अशी अपेक्षा धरू नये. अर्थशास्त्र, कृषी, पत्रकारिता, समाजकार्य यांसारखा मुख्य विषय भक्कम असेल, तरच ही जोड फळास येते. महाविद्यालयात हा विषय प्रत्यक्ष शिकविला जातो का, अध्यापक कोण आहेत, अभ्यासक्रमात कोणते घटक आहेत, याची प्रवेशापूर्वी चौकशी करावी. इंग्रजीखेरीज एखादी परकीय भाषा शिकल्यास मूळ साधनांपर्यंत पोहोचता येते.

श्रेयांकांच्या हिशेबात हा विषय गौण खरा. पण वसतिगृहातून विद्यापीठात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना स्वतःच्या गावाचा प्रश्न जगाच्या नकाशावर ठेवून पाहण्याची सवय तो लावू शकतो. पुढे कोणत्याही क्षेत्रात गेले, तरी ही सवय त्यांच्या उपयोगी पडेल.