एक रुपयाची मदत : वेबफॉर्ममधली रक्कम कशी सांभाळावी



आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. फॉर्ममध्ये एक चौकोन असतो, त्यावर ‘रक्कम’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस त्यात आकडा टाकतो. यात शिकण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं. मग एक फोन आला.

निवृत्तीनंतर मी सिकंदराबादला स्थायिक झालो. वेळ हाताशी होता, म्हणून प्रोग्रामिंग शिकलो आणि माजी सैनिकांच्या एका संस्थेला वैद्यकीय मदतीच्या अर्जाचा फॉर्म तयार करून दिला. एका दिवंगत हवालदाराच्या पत्नीने त्यात दवाखान्याचं बिल भरलं : १,२५,०००. महिन्याभराने त्यांनी मला फोन केला. “साहेब, खात्यात एक रुपया जमा झालाय. माझं काही चुकलं का?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. जावास्क्रिप्टमध्ये ‘पार्सफ्लोट’ नावाचं फंक्शन आहे. ते मजकूर डावीकडून वाचत जातं आणि न समजणारं पहिलं चिन्ह आलं की थांबतं. १ वाचला, पुढे स्वल्पविराम दिसला, थांबलं. उत्तर : १. कुठेही लाल अक्षरं आली नाहीत. यादी तयार झाली, त्यावर सही झाली, पैसे गेले. सही माझीच होती. त्याऐवजी मी ‘नंबर’ हे फंक्शन वापरलं असतं तर त्याने ‘हा आकडा नाही’ असं कळवलं असतं आणि अर्ज तिथेच अडला असता. ओरडणारी चूक परवडते, गप्प बसणारी घात करते.

त्या फोननंतर मी सगळा फॉर्म पुन्हा लिहिला. काय बदललं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, चौकोनाचा प्रकार. आपला हात सहज ‘टाइप नंबर’कडे जातो. पण त्यात स्वल्पविराम चालत नाही, उलट ‘ई’ हे अक्षर चालतं, कारण १ई५ म्हणजे एक लाख असं वैज्ञानिक लेखन त्याला मान्य आहे. काही ब्राउझरमध्ये माउसचं चाक फिरलं की आकडा नकळत बदलतो. म्हणून रकमेसाठी मी ‘टाइप टेक्स्ट’ ठेवतो आणि ‘इनपुटमोड डेसिमल’ लावतो. मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो आणि तपासणी आपल्या हातात राहते.

दुसरं, स्वल्पविराम. आपण १,२५,००० लिहितो, परदेशी सॉफ्टवेअर वापरणारा १२५,००० लिहितो. दोन्ही स्वीकारा. पण सगळे स्वल्पविराम डोळे मिटून पुसू नका. कोणी १२५०,५० लिहिलं तर? जर्मनीत स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. तो पुसला तर साडेबाराशेचे सव्वा लाख होतात. माझा नियम असा : शेवटच्या स्वल्पविरामानंतर, दशांश बिंदूच्या आधी, बरोबर तीन अंक हवेत. नसतील तर अंदाज करायचा नाही, माणसाला विचारायचं.

तिसरं, आपले अंक. मराठी किंवा हिंदी कीबोर्डवरून कोणी देवनागरी अंक टाकले, तर जावास्क्रिप्ट त्यांना आकडा मानत नाही. पायथनचं ‘इंट’ मात्र ते बिनतक्रार वाचतं. म्हणजे ब्राउझर नाकारतो आणि सर्व्हर स्वीकारतो, असा गोंधळ होऊ शकतो. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य २४०६ क्रमांकावर आहे आणि इंग्रजी शून्य ४८ वर. दहाही अंक ओळीने आहेत. म्हणून प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम झालं. इतक्याशा कामासाठी आपल्याच माणसाला ‘चुकीची रक्कम’ म्हणून परत पाठवायचं का?

चौथं, साठवण. इथे जरा सावकाश समजून घ्या. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. म्हणून ०.१ अधिक ०.२ केलं की उत्तर ०.३ पेक्षा किंचित जास्त येतं. १९.९९ ला १०० ने गुणलं तर १९९९ येत नाही, त्याहून अगदी थोडं कमी येतं. पुढचा अपूर्णांक कापलात की १९९८ पैसे. एक पैसा गेला! हजारो नोंदींत असं झालं की ताळेबंद जुळत नाही.

उपाय असा की रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवायची. त्यासाठी गुणाकार करू नका. बिंदूपाशी मजकुराचे दोन तुकडे करा, डावीकडे रुपये, उजवीकडे पैसे. उजवीकडे एकच अंक असेल तर शून्य जोडा, कारण १२.५ म्हणजे बारा रुपये पन्नास पैसे, पाच पैसे नव्हेत. दोनपेक्षा जास्त अंक असतील तर नाकारा. डेटाबेसमध्ये पूर्णांक ठेवा किंवा ‘डेसिमल’ प्रकार वापरा, ‘फ्लोट’ नको.

पाचवं, सर्व्हर. ब्राउझरमधली तपासणी ही सोय आहे, पहारा नाही. कोणीही डेव्हलपर टूल्स उघडून ती बाजूला सारू शकतो. म्हणून शून्य, उणे आकडे, कमाल मर्यादा हे सगळं सर्व्हरवर पुन्हा तपासा. आणि वस्तूची किंमत कधीही फॉर्ममधून येऊ देऊ नका, ती आपल्या यादीतूनच घ्या.

शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं. सैन्यात वायरलेसवर महत्त्वाचा आकडा मिळाला की ऐकणारा तो परत वाचून दाखवतो. चेकवरही आपण रक्कम अक्षरी लिहितो. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ नुसार आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर अक्षरी रक्कम धरली जाते. फॉर्मनेही तेच करावं. पाठवण्याआधी दाखवावं : ‘₹ १,२५,०००, अक्षरी एक लाख पंचवीस हजार रुपये. बरोबर आहे का?’ आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम लावण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे, फक्त भाषा ‘इंग्रजी, भारत’ अशी सांगायची. ‘मराठी, भारत’ सांगितलंत तर आकडेही देवनागरीत येतात.

ही एक ओळ तेव्हा असती, तर त्या ताईंना पडद्यावर ‘एक रुपया’ दिसला असता आणि त्यांनी तिथेच हात थांबवला असता.

उरलेली रक्कम त्याच आठवड्यात त्यांना पोचली. मी फोन करून माफी मागितली, तर म्हणाल्या, “साहेब, मला वाटलं, आमचा हिशोब एवढाच असेल.” हे वाक्य मी विसरलेलो नाही. चौकोन फॉर्मवरचा असला तरी त्यात माणूस आपली गरज लिहीत असतो. तो नीट वाचणं हे आपलं काम.

पुढच्या भागात तारखांचे घोळ पाहू. तोवर तुमच्या फॉर्ममध्ये १,२५,००० टाकून बघा, काय साठतं ते. जय हिंद.