शेपटीतला प्रवाह

गिनीपिगचं हृदय छातीतून बाहेर काढलं की ते नळीवर चढवायला हातात जेमतेम मिनिट-दीड मिनिट असतं. महाधमनीचं तोंड चिमट्यांनी धरायचं, नळीच्या टोकावर सरकवायचं, रेशमी दोऱ्याची गाठ मारायची आणि द्रावण सोडायचं. ऑस्कर लांगेनडॉर्फनं १८९५ मध्ये मांडलेली ही रीत. द्रावण महाधमनीतून उलटं येतं, त्याच्या दाबानं झडप मिटते आणि मग हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत शिरण्यावाचून त्याला दुसरी वाट उरत नाही. टांगलेलं हृदय पुन्हा धडधडू लागतं. रक्त धुऊन जातं, लाल रंग फिकट होत जातो. हा जीव आपण घेतला आहे, त्याच्या पेशींतली एकही हयगयीनं फुकट जाता कामा नये, हे नव्या मुलांना मी याच क्षणी सांगते.

त्यानंतर कॅल्शियम नसलेलं द्रावण. हृदय थांबतं, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे सांधे ढिले होतात. मग कोलाजनेज हे विकर. ते किती वेळ वाहू द्यायचं याचं उत्तर वहीत सापडत नाही. विकराची नवी बाटली उघडली की वेळ बदलते. बोटानं हलकेच दाबून बघावं लागतं. हृदय पिकल्या चिकूसारखं लागलं की थांबायचं. विकर आणखी थोडं वाहू दिलं तर पेशी जास्त सुटतील, पण त्यांचं पटल कुरतडलेलं असेल आणि पुढं काचेच्या पिपेटला त्या धरणार नाहीत.

सुटलेल्या पेशींना कॅल्शियम परत द्यायचं तेही टप्प्याटप्प्यानं. एकदम दिलं तर पेशी आक्रसून मरतात. कॅल्शियमविना ठेवलेल्या हृदयाला ते परत मिळताच त्याचा नाश होतो, हे उंदरांच्या हृदयांवर १९६६ मध्येच दिसलं होतं. हा टप्पा उरकायची घाई ज्याला असते, त्यानं दुसरं काम निवडावं असं माझं स्पष्ट मत आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली चांगली पेशी ओळखू येते. शंभर-दीडशे मायक्रॉन लांब, विटेसारख्या सरळ कडा, अंगावर रेखीव आडवे पट्टे, आणि स्तब्ध. आपण उत्तेजन दिलं नाही तर निलयाची निरोगी पेशी हलत नाही. जी आपणहून वळवळते तिच्यात कॅल्शियम झिरपतंय. तिच्या पटलातून वाहणारा विजेचा प्रवाह मोजता येतो, आकडाही मिळतो, पण त्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. मोजणी खरी ठरणार की खोटी, हे बहुतेक वेळा इथंच ठरून जातं, यंत्र सुरू होण्याच्या आधी.

उंदीर स्वस्त, मग गिनीपिग कशाला, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो. छोट्या उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं. एवढ्या घाईत प्रत्येक ठोक्यानंतर पेशीचं व्होल्टेज खाली आणायला त्याच्याकडे वेगळ्या, झटपट उघडणाऱ्या पोटॅशियम वाहिन्या असतात. माणसाच्या हृदयात ते काम मोठ्या प्रमाणात दोन संथ प्रवाहांवर सोपवलेलं आहे, आणि ते दोन्ही गिनीपिगमध्ये ठळक आहेत. हे दोन वेगवेगळे प्रवाह आहेत, हे सँग्विनेटी आणि युर्किविच यांनी १९९० मध्ये गिनीपिगच्या पेशींवरच दाखवलं. त्यासाठी त्यांनी ई-४०३१ हे औषध वापरलं. ते एकच प्रवाह बंद करतं, दुसऱ्याला हात लावत नाही. बंद पडणारा तो आय-के-आर. त्याची वाहिनी घडवणाऱ्या जनुकाला हर्ग म्हणतात. १९९५ मध्ये हेच जनुक बिघडल्यानं एक प्रकारचा आनुवंशिक लाँग क्यूटी आजार होतो हे कळलं. या आजारात तरुण, धडधाकट दिसणारी माणसं अचानक कोसळतात.

आता काच. बोरोसिलिकेटची बारीक नळी तापवून ओढली की तिचे दोन पिपेट होतात, टोक एक-दोन मायक्रॉनचं. आत पेशीच्या आतल्यासारखं, पोटॅशियमनं भरलेलं द्रावण आणि चांदीची तार. टेबल हवेच्या उशीवर तरंगतं, भोवती तारेच्या जाळीचा पिंजरा असतो. तरीही विजेच्या तारांतला ५० हर्ट्झचा गुणगुणाट कुठून तरी आत येतोच आणि अर्थिंगच्या वायरी तपासण्यात सकाळ जाते. पिपेट पेशीपर्यंत नेताना त्यातून द्रावणाचा हलका दाब बाहेर ठेवायचा, म्हणजे टोकाला कचरा चिकटत नाही. पेशीला खळगा पडलेला दिसला की दाब सोडायचा आणि नळी तोंडात धरून अगदी मंद ओढ द्यायची. रोध दाखवणारी पडद्यावरची चौकोनी लाट खाली बसत जाते आणि एकाएकी सपाट होते. पटल काचेला घट्ट चिकटलं, रोध शंभर कोटी ओहमच्या वर गेला. गोटिंगेनमध्ये नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका वाहिनीचा प्रवाह पहिल्यांदा टिपला. हे घट्ट चिकटणं त्यांना काही वर्षांनी साधलं आणि त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. १९९१ चं नोबेल त्यांना मिळालं. मी अजूनही लाट सपाट होताना श्वास धरते.

आणखी एक झटकी ओढ, टोकाखालचं पटल फाटतं आणि पेशीच्या आतलं व्होल्टेज आपल्या हातात येतं. सोडियमच्या वाहिन्या निष्क्रिय राहाव्यात म्हणून पेशी उणे ४० मिलिव्होल्टवर धरायची. कॅल्शियमचा प्रवाह निफेडिपिननं बंद करायचा. मग व्होल्टेज अधिक २० वर न्यायचं. नवख्याला इथं मोठा प्रवाह अपेक्षित असतो, आणि हर्गचा तर जेमतेम दिसतो. वाहिनीचं दार उघडतं खरं, पण त्याहून वेगानं तिच्या आत दुसरं दार मिटतं. जितकं व्होल्टेज चढवावं तितकं हे आतलं दार अधिक पक्कं मिटतं. परत उणे ४० वर आलं की आतलं दार लगेच उघडतं, मुख्य दार मात्र रेंगाळत बंद होतं, आणि त्या अवधीत प्रवाह उसळून हळूहळू ओसरतो. पडद्यावर ती लांब शेपटी दिसते. आम्ही तिला टेल म्हणतो आणि सगळी मापं तिच्यावरच घेतो. हृदयातही हेच घडतं: ठोक्याच्या शेवटी व्होल्टेज उतरू लागलं की हर्ग जोर धरते आणि ते उतरणं पुरं करते. पेशीला पुढच्या ठोक्यासाठी मोकळं करणारा हा प्रवाह शंभर पिकोअँपियरच्या आसपास, म्हणजे अँपियरच्या लाख कोटीव्या भागाच्या शंभरपट. एवढ्याशावर माणूस उभा आहे, याचं आश्चर्य कमी व्हावं असं मला वाटत नाही.

याच हर्गला औषधंही अडवू शकतात. टर्फेनाडिन हे सर्दी-ॲलर्जीचं साधं औषध होतं. यकृत त्याचं झपाट्यानं रूपांतर करतं, म्हणून एरवी ते रक्तात फारसं उरत नाही. सोबत केटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं की यकृताचं ते काम अडतं, औषध साचतं आणि हर्ग बंद पडते. माणसं दगावली. अमेरिकेत १९९८ मध्ये ते बाजारातून गेलं, दोन वर्षांनी पोटाच्या तक्रारींवरचं सिसाप्राइडही. यकृत टर्फेनाडिनपासून जे बनवतं ते फेक्सोफेनाडिन हर्गला जवळपास त्रास देत नाही, ते आजही दुकानात मिळतं. २००५ पासून नव्या औषधाची हर्गवर चाचणी घेण्याचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम आहेत.

ही चाचणी कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात अशी औषधं प्लॅस्टिकच्या नळीला चिकटून बसतात, पेशीपर्यंत पोहोचते ती मात्रा बाटलीवर लिहिलेल्या मात्रेहून कमी असते, आणि धोकादायक औषध निरुपद्रवी भासतं. म्हणून द्रावण पेशीजवळून घेऊन तपासावं. प्रवाह आपणहूनही ओसरतो, तेव्हा औषधाविना तितकाच वेळ धरलेली पेशी शेजारी हवी. आणि शेवटी ई-४०३१ सोडून जे उरतं ते वजा करायचं. ही वजाबाकी नसलेला आलेख मी कुणाच्याही अहवालात मान्य करत नाही.

आता ३८४ पेशी एकदम मोजणारी यंत्रं आली आहेत. हर्ग बसवलेल्या संवर्धित पेशींवर ती उत्तम चालतात आणि प्राणी वाचतात, याचा मला मनापासून आनंद आहे. माणसाच्या मूलपेशींपासून बनवलेल्या हृदयपेशीही मिळतात. त्यांची अडचण अशी, की विश्रांतीचं व्होल्टेज खाली धरून ठेवणारा आय-के-वन हा पोटॅशियम प्रवाह त्यांच्यात फार दुबळा असतो. त्यामुळे त्या आपोआप धडधडतात, आणि औषधाचा परिणाम पाहताना पायाच हलता राहतो. यावर उपाय निघाला आहे: संगणक क्षणोक्षणी पेशीचं व्होल्टेज वाचतो, त्या व्होल्टेजला आय-के-वन किती असता ते गणित करतो आणि तेवढा प्रवाह पिपेटमधून पेशीला देतो. पेशी उणे ८०च्या जवळ शांत होते, उत्तेजन दिलं की एक ठोका देते आणि परत खाली येते. पण त्यासाठी तिच्यावर पिपेट बसवायला हात लागतो, आणि कोणती पेशी घ्यायची हे सांगणारी नजरही.