घसरण्याआधीचा इशारा

ट्रॅकवर चालवायला सर्वांत अवघड स्पोर्ट्स कार कोणती, यावर मोटारवेड्यांचा वाद सुरू झाला की सर्वांत आधी अश्वशक्तीचा आकडा पुढे येतो. आकडा मोठा, म्हणजे गाडी अवघड, असा हा साधा हिशेब आहे. मला तो पटत नाही. 2005 साली आलेल्या बुगाटी वेरॉनची ताकद 1001 अश्वशक्ती होती. त्याच्या तीस वर्षं आधी, 1975 साली विक्रीला आलेल्या पोर्श 911 टर्बोची, म्हणजे जाणकार जिला 930 म्हणतात तिची, ताकद होती अवघी 260. तरीही ओल्या ट्रॅकवर, पकडीच्या काठावर, या दोघींपैकी कोणत्या गाडीत चालकाची जास्त कसोटी लागेल असं विचारलं, तर माझं उत्तर 930 हेच आहे. टायरची पकड सुटण्याआधी गाडी चालकाला किती लवकर आणि किती स्पष्ट सांगते, आणि सांगितल्यावर चूक निस्तरायला किती वेळ देते, यावर गाडीचा अवघडपणा ठरतो. ताकदीचा नंबर त्यानंतर लागतो.

930 मध्ये नेमकं काय घडतं ते पाहू. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवलेलं, त्यामुळे गाडीचं बरंच वजन शेपटाकडे. चालक वळणात थोडा जास्त वेगाने शिरला आणि घाबरून त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि ते जड शेपूट वळणाच्या बाहेर झेपावतं. म्हणजे घाबरलेला माणूस स्वभावानेच जे करेल, तेच या गाडीत सर्वांत चुकीचं. त्यात टर्बोची भर. एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारं ते चाक वेग घेईपर्यंत इंजिन सुस्त असतं. चालक वळणाच्या मध्यावर पेडल दाबतो, क्षणभर काहीच होत नाही, तो आणखी दाबतो, आणि मग सगळी ताकद एकदम येते, तीही नेमकी गाडी अजून तिरकी असताना. गिअर चारच, त्यामुळे इंजिनाला सतत वरच्या फेऱ्यांवर खेळवत ठेवणंही सोपं नाही. पाचवा गिअर 1989 साली मिळाला, तोवर या मॉडेलचा शेवट आला होता. इथे ताकद अफाट नाही. ती केव्हा येणार याचा अंदाज चालकाला येत नाही, आणि सगळी अडचण त्यातूनच उभी राहते.

ताकद सांगेल त्या क्षणी येत असेल, तर मग गाडी सोपी व्हायला हवी. पण पोर्शचीच कॅरेरा जीटी हा समज खोडून काढते. 2003 ते 2006 या काळात तिच्या 1270 गाड्या तयार झाल्या. शर्यतीसाठी आखलेल्या पण शर्यतीत कधीच न उतरलेल्या इंजिनाच्या वंशातलं तिचं 5.7 लीटरचं व्ही-10 इंजिन 612 अश्वशक्ती देतं. टर्बो नाही, त्यामुळे वाट पाहणंही नाही. क्लच सिरॅमिकचा आणि जेमतेम 169 मिलीमीटर व्यासाचा. तो इतका लहान ठेवल्यामुळे इंजिन खूप खाली बसवता आलं. पण फिरणारे भाग हलके असल्याने इंजिनाच्या फेऱ्या झटक्यात चढतात आणि तितक्याच झटक्यात पडतात. या गाडीत नव्याने बसलेला चालक जागचा हलण्याआधीच इंजिन बंद पाडतो, अशी तिची ख्याती आहे. क्लच सोडताना ॲक्सिलरेटरला हातच, किंवा पायच म्हणा, लावायचा नाही, ही तिची युक्ती. पुढे वळणात हाच स्वभाव आणखी मोठ्या प्रमाणावर दिसतो. इंजिन मधोमध, वजन सगळं पोटाशी, त्यामुळे गाडी चटकन वळते. आणि एकदा गिरकी सुरू झाली की तीही तितक्याच चटकन पुरी होते. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण घसरती गाडी सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. ती सगळं सांगते, पण फार उशिरा आणि फार भरभर.

या गाडीची बदनामी किती तिची स्वतःची आणि किती तिच्या टायरची, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. बहुतेक चर्चांत तो कुणी विचारतच नाही. रबर वापरलं नाही तरी जुनं होतं, कडक होतं. संग्रहात जपून ठेवलेल्या, क्वचित बाहेर काढल्या जाणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि पकड मात्र केव्हाच गेलेली असते. 2024 साली मिशेलिनचे आजच्या पद्धतीचे टायर चढवून कॅरेरा जीटी न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर उतरवली गेली. जर्मनीतला हा 20.8 किलोमीटरचा डोंगराळ ट्रॅक 1927 पासून गाड्यांची आणि माणसांची परीक्षा घेतो आहे. फेरीची वेळ आली 7 मिनिटं 12.69 सेकंद, वीस वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा सुमारे सोळा सेकंदांनी कमी. ताकद तीच होती. म्हणून ‘अमुक गाडी अवघड’ असं म्हणणाऱ्याला आधी विचारावं, कोणत्या टायरवर, आणि कोणत्या हवेत.

फेरारी एफ40 ला (1987, 478 अश्वशक्ती) माझ्या क्रमवारीत या दोघींच्या खालची जागा आहे. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, ब्रेकला सर्व्होची मदत नाही. दोन टर्बो आहेत आणि त्यांची ताकद एकदम येते. पण गाडी हलकी आहे आणि तिचं स्टीअरिंग रस्त्याची बित्तंबातमी तळहातापर्यंत पोहोचवतं. अंगमेहनत जास्त, फसवणूक कमी.

यावर कुणी म्हणेल, अवघडपणा गाडीत नसतोच, चालकात असतो. कसलेल्या हातांना सगळ्या गाड्या सारख्याच. हे अर्धंच खरं आहे. नवखा चालक पकडीच्या काठापर्यंत जातच नाही, त्यामुळे त्याला 930 सुद्धा गरीब वाटू शकते. कसलेला चालक दर वळणाला त्या काठावर असतो, म्हणून दोन गाड्यांतला फरक त्यालाच सर्वांत जास्त जाणवतो. कॅरेरा जीटीच्या चाचण्यांत वॉल्टर रोर्ल होते. 1980 आणि 1982 असे दोनदा रॅलीचं विश्वविजेतेपद मिळवलेला हा माणूस. अशा माणसाने घडवलेली गाडीही पुढे सराईत चालकांना धाकात ठेवते, तेव्हा दोष फक्त हातांचा आहे असं कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इलेक्ट्रॉनिक्सने हा प्रश्नच निकालात काढला, असं म्हणतात. पुरावाही आहे. 2017 साली 700 अश्वशक्तीच्या, फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या पोर्श 911 जीटी2 आरएसने नॉर्डश्लाइफची फेरी 6 मिनिटं 47.3 सेकंदांत मारली. इंजिन मागेच, टर्बोही आहेत, म्हणजे मांडणी 930 चीच. तरी तिच्यावर आज कुणी तसा ठपका ठेवत नाही. निसान जीटी-आर तर गरज पडेल तशी चारही चाकांना ताकद वाटते. हे सगळं मान्य. पण संगणक पकड वाटून देतो, निर्माण करत नाही. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हा हिशेब त्यालाही चुकत नाही. सुमारे 1900 किलोची वेरॉन वळणात सोपी वाटते, आणि त्या सोपेपणामुळेच पुढच्या वळणाशी ती चालकाच्या अंदाजापेक्षा जास्त वेगाने पोहोचते. तिथे ब्रेक तापलेले असले, तर सावरायला तिच्याकडे 930 पेक्षाही कमी पर्याय उरतात.

इलेक्ट्रिक गाड्यांनी याच प्रश्नाला नवं वळण दिलं आहे. हजाराहून अधिक अश्वशक्तीची आणि दोन टनांवर वजनाची पोर्श टायकॅन टर्बो जीटी त्याच ट्रॅकवर 7 मिनिटं 7.55 सेकंदांत फेरी पूर्ण करते. तिची ताकद सांगेल त्या क्षणी आणि सांगेल तेवढीच येते, त्यामुळे 930 चा मूळ दोष तिच्यात औषधालाही नाही. मात्र इंजिनाचा चढता आवाज, ज्यावरून चालक आजवर वेग कानाने ओळखत आला, तोही तिच्यात नाही. पुढच्या दहा वर्षांत ट्रॅकवरची अवघड गाडी शोधायची झाली, तर मी ती अशा गाड्यांत शोधेन, आणि पाहताना अश्वशक्तीआधी तिच्या वजनाचा आकडा वाचेन.