गुण आलेल्यांचे प्रमाण : फरक खरा की योगायोग?

‘या चूर्णाने शंभरात सत्तर रुग्णांना गुण येतो,’ असे विधान आपण वैद्यमंडळी सहजपणे करतो आणि औषधी विक्रेते त्यावर विसंबून माल भरतात. परंतु ही टक्केवारी किती रुग्णांवरून काढली आणि दुसऱ्या औषधाने किती जणांना गुण आला, हे कळल्यावाचून त्या विधानाला अर्थ नाही. चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही चार प्रमाणे सांगितली आहेत. प्रत्यक्ष दिसलेल्या फरकावरून कितपत अनुमान काढावे, हे संख्याशास्त्र शिकविते. त्याची एक सोपी रीत प्रस्तुत लेखात पाहू.

भिवंडीत यंत्रमाग कारखान्यांतील कापसाच्या धुळीत राबणारे कासाचे रुग्ण आपणा सर्वांकडे येतात. समजा, अशा 40 रुग्णांना सितोपलादि चूर्ण व दुसऱ्या 40 रुग्णांना तालीसादि चूर्ण दिले. पहिल्या गटात 28 जणांना (70 टक्के) व दुसऱ्या गटात 22 जणांना (55 टक्के) गुण आला. 15 टक्क्यांचा हा फरक औषधाचा, की केवळ यदृच्छेचा?

प्रथम दोन्ही औषधे सारखीच आहेत असे गृहीत धरावे. मग एकत्रित प्रमाण 80 पैकी 50, म्हणजे 0.625 येते. गुण न आलेल्यांचे प्रमाण 0.375. या दोहोंचा गुणाकार करून त्यास 1/40 व 1/40 यांच्या बेरजेने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. उत्तर 0.108 येते. हीच मानक त्रुटी. योगायोगाने फरक साधारणतः किती पडू शकतो, त्याचे हे माप होय. आता प्रत्यक्षातील फरक 0.15 यास 0.108 ने भागले असता 1.39 हा आकडा मिळतो. तो 1.96 हून अधिक असता, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पाचाहून कमी वेळा पडेल, असे म्हणता आले असते. येथे तसे म्हणता येत नाही. अर्थात, दोन्ही औषधे समान आहेत असेही यावरून सिद्ध होत नाही. पुरावा अपुरा आहे, एवढेच ठरते. हीच टक्केवारी प्रत्येक गटातील 160 रुग्णांत आढळली, तर तो आकडा 2.77 होतो आणि निष्कर्ष बदलतो. (एखाद्या रकान्यातील अपेक्षित संख्या 5 हून कमी असल्यास मात्र ही रीत न वापरता फिशर यांची अचूक कसोटी लावावी.)

तथापि गणित कितीही अचूक असले, तरी गटच विषम असतील तर ते व्यर्थ होय. या दृष्टीने प्लेगच्या लसीचा इतिहास उद्बोधक आहे. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये मुंबईत ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली व त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तिचा प्रयोग केला. तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस मिळाली. पुढे येणारे व न येणारे यांच्या प्रकृतीत मुळातच भेद असू शकतो, ही शंका अशा तुलनेत उरतेच. 1898 साली सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानातील उंढेरा गावी अधिक काटेकोर पद्धत अवलंबिली गेली. प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच! पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, तेथे लस न घेतलेल्या 64 पैकी 27 जणांना (42.2 टक्के) प्लेग झाला व 26 दगावले, लस घेतलेल्या 71 पैकी 8 जणांना (11.3 टक्के) झाला व 3 दगावले. वरील रीतीने लागण झालेल्यांच्या प्रमाणांची तुलना केल्यास भागाकार सुमारे 4.1 येतो. गट लहान असूनही येथे योगायोगाची सबब टिकत नाही.

यातून आपण काय घ्यावे? 70 व 55 टक्के यांतील फरक खरोखरच असेल, तर तो बहुधा निसटू नये यासाठी प्रत्येक गटात सुमारे 160 रुग्ण लागतात. एकट्या वैद्याला हे अवघड आहे; परंतु आठ दवाखान्यांनी प्रत्येकी 40 रुग्णांची नोंद ठेवली, तर 320 ही संख्या पुरी होते. प्रत्येक दवाखान्यात चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना एक व निम्म्यांना दुसरे औषध द्यावे, म्हणजे उंढेऱ्याच्या घरांप्रमाणे तुलना एकाच छपराखाली होईल. गुण आला म्हणजे नेमके काय, हे आधीच लिहून ठेवावे. मध्येच उपचार सोडून गेलेल्यांनाही हिशेबातून वगळू नये. नैतिकता समितीची मान्यता व रुग्णाची लेखी संमती अर्थातच अनिवार्य आहे.

औषधी विक्रेत्या बंधूंनीही कंपनीच्या प्रतिनिधीने टक्केवारी सांगताच दोन प्रश्न अवश्य विचारावेत : किती रुग्णांपैकी, आणि कोणाच्या तुलनेत? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कपाटातील दुसरे औषध मागे सारण्याचे कारण नाही.