शहर पुरुषांपुरतेंच काय?

बाजारपेठ सर्वांसाठीं आहे असें आम्ही अभिमानानें सांगतों. परंतु दिवसभर पेठेंत बसणाऱ्या भाजीवालीनें सोय नाहीं म्हणून पाणी पिणेंही टाळावें, हें कोणत्या न्यायांत बसतें? मुंबईंत पुरुषांस मुतारी फुकट, पण स्त्रियांस पैसे, हा अजब भेद पाहून २०११ सालीं स्त्रियांनीं चळवळ उभारली. पुढें पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या अर्जावर मुंबई हायकोर्टानें २०१५ सालीं ही सोय करणें महानगरपालिकांचें कर्तव्य ठरविलें. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमानें दिलेला जीविताचा हक्क तो सन्मानानें जगण्याचा हक्क. त्यांत मेहेरबानीचा प्रश्नच नाहीं.

दोघांस सारखी जागा दिली म्हणजे न्याय झाला, असेंही नव्हे. मुतारीस जागा थोडी लागते, म्हणून तेवढ्याच जागेंत पुरुषांची सोय अधिक होते, आणि रांग मात्र स्त्रियांची लांबते. हा दोष नकाशाचा आहे.

व्यापारी बंधूंस आमचें विचारणें एवढेंच कीं, जी स्त्री गिऱ्हाईक म्हणून तुम्हांस हवी, तिच्यासाठीं तुमच्या पेठेंत चार हात जागा नसावी काय? नगरपालिकेनें पुढील नकाशा मंजूर करण्यापूर्वीं हा प्रश्न तुम्हींच विचारला पाहिजे.