वीजजाळ्याला अतिसंवाहकाचा लगाम

कोल्हापूर जिल्ह्याच्या औद्योगिक व कृषी विकासात विजेचे स्थान अनन्यसाधारण आहे. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळा, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि नदीकाठचे कृषिपंप या सर्वांना अखंड वीज हवी असते. राजर्षी शाहू छत्रपतींच्या दूरदृष्टीतून साकारलेल्या राधानगरी धरणावर वीजनिर्मिती होते. साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्पही शिल्लक वीज जाळ्यात सोडतात. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. त्यामुळे एका भागाची तूट दुसऱ्या भागातील विजेने भरून काढता येते. मात्र जाळे जसजसे बलवान होते, तसतसा त्यातील बिघाडही अधिक प्रखर होऊ शकतो.

दोषप्रवाह म्हणजे काय?

वादळात दोन तारा एकमेकींना भिडल्या की शॉर्ट सर्किट होते. विजेच्या वाटेतील अडथळा नाहीसा होतो आणि जोडलेला प्रत्येक स्रोत त्या जागी प्रवाह ओतू लागतो. हाच दोषप्रवाह. उदाहरणार्थ, 33 किलोव्होल्टचा दाब 11 किलोव्होल्टवर आणणाऱ्या 10 एम.व्ही.ए. क्षमतेच्या रोहित्रातून पूर्ण भाराच्या वेळी सुमारे 525 अँपिअर प्रवाह बाहेर पडतो. रोहित्राचा अंतर्गत अडथळा 10 टक्के असल्यास, त्याच्या लगतच दोष घडताच हा प्रवाह 5,250 अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. अशी दोन रोहित्रे समांतर जोडलेली असतील तर तो दुप्पट होतो. आणि प्रवाह दुप्पट झाला की वाहकांवरील ताण व उष्णता चौपट होते.

उपकेंद्रातील सर्किट ब्रेकर हा प्रवाह तोडतो. पण त्याची क्षमता ठरलेली असते. ती ओलांडली गेली तर ब्रेकर फुटून आग लागण्याचा व कर्मचाऱ्यांच्या जिवास अपाय होण्याचा धोका असतो. सर्व ब्रेकर बदलणे खर्चाचे आहे. जाळ्याचे तुकडे केल्यास जोडणीचा लाभ हरपतो. कायमचे अडथळे बसविल्यास एरवीही दाब घटतो.

अतिसंवाहकाचे कार्य

अडथळा केवळ दोषाच्या क्षणीच उत्पन्न व्हावा, ही गरज अतिसंवाहक भागवतो. 1911 साली हॉलंडमधील शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना असे आढळले की, सुमारे उणे 269 अंश सेल्सिअस तापमानाला पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. 1986 साली बेडनॉर्ट्झ व म्युलर यांनी याहून बऱ्याच अधिक तापमानाला अतिसंवाहक होणारी द्रव्ये शोधली. पुढील वर्षी उणे 196 अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्येही अतिसंवाहक राहणारे द्रव्य सापडले. हा द्रव पशुपालकांना अपरिचित नाही; कृत्रिम रेतनासाठी गोठविलेल्या रेतमात्रा त्यातच जतन करतात.

अशा द्रव्याची फीत वाहिनीत जोडली असता नेहमीचा प्रवाह विनाअडथळा वाहतो. प्रवाहाने ठरावीक मर्यादा ओलांडताच सेकंदाच्या काही हजारांश भागात फितीची अतिसंवाहकता लोपते, रोध उत्पन्न होतो आणि प्रवाह आटोक्यात राहतो. पुढचे तोडण्याचे काम ब्रेकर करतो. फीत पुन्हा थंड झाली की पूर्ववत होते; फ्यूजप्रमाणे ती बदलावी लागत नाही.

1996 साली स्वित्झर्लंडमधील एका जलविद्युत केंद्रात असे साधन चाचणीसाठी बसविण्यात आले. 2019 साली मॉस्कोतील 220 किलोव्होल्टच्या उपकेंद्रात त्याचा वापर सुरू झाला. फितीची किंमत व अखंड शीतकरणाचा खर्च या त्याच्या प्रमुख मर्यादा होत.

हे साधन मोठ्या उपकेंद्रांसाठी आहे, गावच्या डी.पी.वरील फ्यूजची जागा ते घेत नाही. फ्यूजच्या जागी जाड तार बसविल्यास दोष वेळीच तुटत नाही व रोहित्र जळते. म्हणून वीज कर्मचाऱ्याकडून योग्य मापाचाच फ्यूज बसवून घेण्याबाबत ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावकऱ्यांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.