तेल कोणाचे, साचा कोणाचा?

स्टीलचा डबा किंवा मोटारीचे दार पाहताना तेलाची आठवण कोणाला होत नाही. परंतु सपाट पत्र्याला असा आकार देताना तो पंच आणि डाय यांच्यामध्ये प्रचंड दाबाखाली घसरत असतो. त्याचे कण डायला चिकटून पुढच्या नगावर ओरखडे उठू नयेत म्हणून त्याला तेल लावावे लागते. अकोले तालुक्यात सहकारी साखर कारखान्यापलीकडे मोठी कारखानदारी नाही. येथून शिकून बाहेर पडणारी कित्येक मुले सिन्नर, नाशिक, चाकण येथील प्रेसवर उभी राहतात. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

या तेलाची खरी किंमत खरेदीच्या बिलात दिसत नाही. रंगकामापूर्वी ते धुऊन काढावे लागते. त्यासाठी रसायने, गरम पाणी, इंधन लागते. ते पाणी पुन्हा शुद्ध करावे लागते. वापरलेले तेल तर केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. दिवसभर तेलात माखलेल्या हातांना जडणारे त्वचारोग कोणत्याच खातेवहीत चढत नाहीत.

मग तेलावाचून हे काम होणारच नाही काय? सिलिकॉन कार्बाइड, झिर्कोनिया यांसारखी सिरॅमिके पोलादाहून कठीण असतात आणि धातूला सहसा चिकटत नाहीत. त्यांच्या डाय वापरून जपानी संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकातच कोरड्या पत्र्याच्या वाट्या ओढून पाहिल्या. पुढे जर्मनीत अनेक विद्यापीठांनी मिळून या प्रश्नावर काम केले. (आमचे तांबट हे पूर्वीपासून करीत होते, असा अभिमान कोणी बाळगू नये. तांबटाचा हातोडा पत्र्यावर उभा पडतो. तेथे पत्रा घसरतच नाही.)

अडचणी अर्थातच आहेत. सिरॅमिक दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून ते पोलादी कड्यात आवळून बसवावे लागते. त्याला आकार देण्यास हिऱ्याची हत्यारे लागतात. अॅल्युमिनियमसारखा चिवट धातू त्यालाही बिलगतो. साहजिकच अशी डाय महाग पडते.

तथापि खरी अडचण तंत्राची नसून मालकीची आहे. मोटार उद्योगात डाय बहुधा मोठ्या कंपनीच्या मालकीची असते. लघुउद्योजक ती वापरून नगामागे ठरलेल्या दराने काम करतो. तेल, धुलाई, सांडपाणी हे सारे त्याच्या गळ्यात. म्हणजे ज्याला महाग डाय परवडेल त्याला तेलाचा भार नाही आणि ज्याच्यावर भार आहे त्याला डाय निवडण्याचा अधिकार नाही. ब्रिटनमध्ये 1966 साली पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण आणि वंगण यांचा हिशेब मांडला, तेव्हा वर्षाला 51 कोटी पौंडांहून अधिक बचत शक्य असल्याचा अंदाज निघाला. आपल्याकडे असा हिशेब एखाद्या औद्योगिक वसाहतीपुरता तरी व्हावयास हवा.

तोपर्यंत एक गोष्ट करता येईल. नगाचा दर ठरविताना धुलाई आणि तेलाची विल्हेवाट यांचा खर्च स्वतंत्र दाखवून तो डायच्या मालकाने द्यावा, असे बंधन घालावे. एकच डाय लाखो नग काढते अशा लहान, उथळ भागांच्या बाबतीत हा खर्च डोळ्यांसमोर आला की सिरॅमिकचा विचार कंपन्यांचे अभियंते स्वतःहूनच करू लागतील.